सेलेस्ट हा व्हिडिओ गेम पूर्ण झाल्यावर डॅश (एका दिशेने क्षणात मारलेली वेगवान झेप) न वापरता किंवा कमीत कमी डॅशमध्ये खेळायचं असेल, तर सुरुवात कुठून करावी आणि नियम कसे ठरवावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सेलेस्टची मुख्य गोष्ट शिखरापर्यंत संपवली आहे, आता स्वतःवर बंधन घालून खेळायचं आहे, पण संपूर्ण खेळ डॅशशिवाय होतो की नाही आणि मोजायचं नेमकं काय, हे कळत नाही.

संपूर्ण खेळ डॅशशिवाय होत नाही. प्रस्तावनेतच, पूल कोसळतो तिथे पक्षी जो डॅश शिकवतो, तो मारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दुसऱ्या धड्यातल्या चांदण्यांच्या ठोकळ्यांत डॅशच्या वेगानेच शिरता येतं, चालत किंवा उडी मारून नाही. पाचव्या धड्यातली बटणं डॅशच्या धडकेने दाबली जातात आणि सरकणारे ठोकळे डॅश मारल्यावरच हलतात. त्यामुळे 'शून्य डॅश' हे ध्येय एका धड्यापुरतं ठेवा आणि बाकी खेळासाठी 'कमीत कमी डॅश' हे ध्येय घ्या. दोन्हींची तयारी वेगळी आहे, म्हणून आधी शून्य डॅशचं सांगतो.

सुरुवात पहिल्या धड्यापासून, म्हणजे फॉरसेकन सिटीपासून करा. हे बंधन खेळ स्वतः ओळखतो, हे त्याचं मुख्य कारण. धडा पहिल्यापासून सुरू केला आणि एकही डॅश न मारता शेवटाकडे पोहोचलात, तर तिथे पंखवाली सोनेरी स्ट्रॉबेरी दिसते. चेकपॉइंटपासून सुरू केलं तर ती येत नाही. मेलात तरी हरकत नाही, अट फक्त डॅशची आहे. चुकून डॅश लागला तर त्याच खोलीत मरा किंवा मेनूतून रीट्राय करा. खोलीत शिरताना जो आकडा होता, त्यावर खेळ मोजणी परत आणतो. तो डॅश घेऊन पुढच्या खोलीत गेलात की मात्र तो कायमचा नोंदला जातो आणि धडा पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागतो. डॅशची कळ नेहमीच्या जागेवरून हलवून बोट सहज पोहोचणार नाही अशा ठिकाणी ठेवा. कीबोर्डवर मूळ मांडणीत पकड, डॅश आणि उडी या झेड, एक्स, सी अशा लागोपाठच्या कळा असतात, आणि घाईत एक्स दाबला जातोच.

आता हालचालीचं गणित. खेळ बनवणाऱ्यांनी खेळाडूच्या हालचालीचा कोड लोकांसाठी खुला केला आहे. पुढचे आकडे त्यातले आहेत, किंवा त्यावरून काढलेले आहेत. एक टाईल 8 पिक्सेलची. धावण्याचा वेग सेकंदाला 90 पिक्सेल. उडी मारताना दिशा धरलेली असेल तर त्यात 40 ची भर पडते. कळ पूर्ण दाबून ठेवली तर उडी सुमारे 28 पिक्सेल, म्हणजे साडेतीन टाईल उंच जाते. कडेवरून पाय सुटल्यावरही 0.1 सेकंदापर्यंत, म्हणजे 6 फ्रेम, उडी मारता येते. डॅश नसताना रुंद दरी ओलांडायची ती या 6 फ्रेमच्या जोरावर. काठावर पोहोचायच्या आधीच उडी मारायची सवय असेल तर ती आधी मोडा. काठ सुटू द्या, मग दाबा.

उभ्या भिंती हा खरा प्रश्न असतो. स्टॅमिना एकूण 110. वर चढताना सेकंदाला साधारण 45 खर्च होतो, नुसतं धरून राहिलं तर 10, खाली उतरताना काहीच नाही. चढण्याचा वेग सेकंदाला 45 पिक्सेल आहे. म्हणजे एका दमात सव्वातेरा-साडेतेरा टाईलच चढता येतात. पकड धरून उडी मारली की एका उडीला 27.5 जातो, म्हणून चार उड्यांत सगळं संपतं. 20 च्या खाली आलात की मॅडलिन, म्हणजे तुम्ही खेळता ते पात्र, लाल चमकू लागते.

यावर उपाय न्यूट्रल जंप. पकड सोडायची, दिशेची कळही सोडायची, भिंतीला चिकटून फक्त उडी दाबायची आणि लगेच भिंतीकडची दिशा धरायची. हिला स्टॅमिना लागत नाही. भिंत तुम्हाला 130 च्या वेगाने बाहेर ढकलते, पण दिशा धरलेली नसल्यामुळे त्याच क्षणी वळता येतं. सुमारे 0.4 सेकंदात तुम्ही परत भिंतीपाशी असता, तेही उडीच्या जवळपास पूर्ण उंचीवर. उडी दाबताना कुठलीही दिशा धरलेली असेल तर खेळ 0.16 सेकंद तुम्हाला सक्तीने भिंतीपासून दूर नेतो. मग परत येईपर्यंत कमावलेल्या उंचीतली बरीच खाली गेलेली असते. दुसरी चूक त्याहून जास्त घडते. पकडीची कळ दाबलेलीच राहते, आणि मग भिंतीवरची उडी न होता पकड-उडी होते. ती 27.5 खाते. 'न्यूट्रल जमतंय, पण चौथ्या उडीनंतर घसरतो' असं होत असेल तर दोष वेळेचा नाही, पकडीच्या बोटाचा आहे. सेटिंगमध्ये पकड टॉगल किंवा उलटी करता येते, पण या कामाला साधी 'दाबून धरा' हीच पद्धत बरी.

भिंतीला अगदी टेकायची गरज नाही. 3 पिक्सेल अंतरावरूनही भिंतीवरची उडी लागते. काटे लावलेल्या भिंतीच्या टोकाशी हे उपयोगी पडतं.

स्टॅमिना परत मिळवायची एक युक्तीही आहे. भिंत पकडून, कुठलीही आडवी दिशा न धरता उडी मारा, आणि 0.2 सेकंदाच्या आत भिंतीच्या विरुद्ध दिशा दाबा. खेळ ती भिंतीवरची उडी मानतो, 27.5 परत देतो आणि 130 चा आडवा वेगही देतो. म्हणजे आधी वर, मग बाहेर. भिंतीवरून समोरच्या उंच फळीवर जायचं असेल तेव्हा साध्या भिंत-उडीपेक्षा हीच वापरा.

पहिल्या धड्यातल्या सिग्नलवाल्या ठोकळ्यांकडे डॅश असताना फारसं लक्ष जात नाही, डॅश काढला की तेच मुख्य इंजिन होतात. ठोकळ्यावर पाय ठेवला किंवा त्याला पकडलं की क्षणभर थरथरून तो निघतो आणि रुळ लांब असो की आखूड, अर्ध्या सेकंदात पोहोचतो. म्हणजे रुळ जितका लांब, तितका वेग जास्त. शिवाय वेग सुरुवातीला कमी आणि शेवटाला सर्वांत जास्त असतो. उडी मारताना ठोकळ्याचा वेग तुमच्या वेगात मिळतो, आडवा जास्तीत जास्त 250 आणि वरचा 130. ठोकळा थांबल्यावरही हा वेग 0.16 सेकंद, म्हणजे 9-10 फ्रेम, शिल्लक राहतो. म्हणून लवकर उडी मारण्यापेक्षा तो थडकल्याचा आवाज ऐकून उडी मारलेली चांगली. लवकर मारलेली उडी अर्ध्या वेगाची असते आणि खेळाडू समजतो की दरीच ओलांडण्याजोगी नाही. उशीर झाला तर ठोकळा सावकाश परत येईपर्यंत थांबावं लागतं, कारण परतीचा प्रवास चौपट वेळ घेतो.

पहिल्या धड्याला कुठलाही मॉड (खेळात बाहेरून घातलेली भर) लागत नाही. सरावासाठी असिस्ट मोडमध्ये, म्हणजे खेळ सोपा करणाऱ्या सेटिंगमध्ये, खेळाचा वेग 50 टक्क्यांपर्यंत उतरवता येतो, पण त्यासाठी वेगळी सेव्ह ठेवा. आणि 50 वर फार काळ राहू नका. न्यूट्रल जंपचा ठेका बोटांत बसतो तो वेगासकट. 80 किंवा 90 वर सराव केलेला जास्त टिकतो.

आता कमीत कमी डॅश. इथे आधी मोजणीचा नियम लिहून काढा. माझं ठाम मत आहे की खेळाच्या आतला प्रत्येक सत्राचा जो डॅश-आकडा आहे, तोच प्रमाण मानावा. स्वतःची व्याख्या केली की प्रत्येक खोलीत 'हा धरायचा का' हा वाद उभा राहतो. या आकड्याच्या दोन गोष्टी माहीत असायला हव्यात. एक, मेल्यावर तो खोलीच्या सुरुवातीला होता तिथे परत जातो, म्हणजे यशस्वी झालेल्या प्रयत्नातलेच डॅश धरले जातात. सेव्हमधला एकूण डॅशचा आकडा मात्र सगळे प्रयत्न धरतो, तो या कामाला निरुपयोगी आहे. दोन, काही धड्यांत हवेत बुडबुडे असतात, त्यांत शिरलं की ते तुम्हाला धरून पुढे फेकतात; अशा बुडबुड्यातून सुटताना होणारा डॅश मोजला जात नाही. हिरवा बुडबुडा असो की लाल, तो फुकट आहे. त्यामुळे चौथा धडा, गोल्डन रिज, दिसतो त्यापेक्षा बराच स्वस्त पडतो. बुडबुडे आहेत तिथे मार्ग त्यांच्याभोवतीच आखा, अगदी दोन सेकंद थांबून बुडबुडा परत उगवू द्यावा लागला तरी. वेळेची इथे किंमत नाही.

आकडा खेळताना पडद्यावर दिसत नाही. पीसीवर एव्हरेस्ट हा मॉड लोडर आणि त्यावर डॅश काउंट मॉड टाकला की तो पाहता येतो. स्पीडरन टूलने खोलीच्या मध्ये स्थिती साठवून पुन्हापुन्हा सराव करता येतो. कन्सोलवर असाल तर रेकॉर्डिंग पाहून हाताने मोजावं लागेल.

या प्रकारात हिशेब उलटा होतो. डॅश टाळायचे असतातच, पण जो एक डॅश मारणारच आहात त्यातून जास्तीत जास्त अंतर काढायचं असतं. जमिनीवर आडवा डॅश मारून उडी घेतली, म्हणजे सुपर, तर वेग 260 होतो. खाली-तिरका डॅश जमिनीवर मारून उडी घेतली, म्हणजे हायपर, तर 325, पण उडीचा वरचा वेग निम्मा. पुढची दिशा धरून ठेवली तर हवेत हा जादा वेग सेकंदाला 260 ने घटतो, जमिनीवर 400 ने. म्हणजे 325 वरून चालण्याच्या 90 वर यायला हवेत सुमारे 0.9 सेकंद लागतो. तेवढ्यात पाय टेकला की लगेच पुन्हा उडी घ्या. प्रत्येक उडी 40 ची भर घालते, आणि जमिनीवर जितक्या कमी फ्रेम तितकी घट कमी. एका हायपरवर दोन-तीन फळ्या ओलांडता येतात. वेग पुढच्या खोलीतही सोबत जातो, म्हणून खोल्यांच्या जोड्या करून विचार करा. या खोलीत शेवटी मारलेला एक डॅश पुढच्या खोलीतले दोन वाचवत असेल तर तो इथेच खर्च करा.

इथे नेहमी चुकतं ते असं. हायपरनंतर हवेत दिशा सोडली जाते. दिशा सुटली की घट 260 ऐवजी 650 ने होते आणि अर्ध्या सेकंदात सगळा वेग संपतो. दुसरं, भिंतीच्या कोपऱ्याला धडक बसली म्हणजे वेग गेला असं समजून लोक थांबतात. खेळ तो वेग 0.06 सेकंद राखून ठेवतो, आणि तेवढ्यात कोपरा मोकळा झाला तर परत देतो. त्या तीन-चार फ्रेममध्ये कोपऱ्याच्या वरच्या टोकाशी पकड-उडी बसली तर जुना वेग अधिक 40 मिळतो. हे अवघड आहे. वेगळ्या सेव्हवर रोज थोडा वेळ याच एका गोष्टीला द्या.

चांदण्यांच्या ठोकळ्यांचं गणित दुसऱ्या धड्यात वेगळं. आत शिरायला एक डॅश, मग ठोकळा कितीही लांब असो, खर्च तेवढाच. आडव्या किंवा तिरक्या दिशेने बाहेर पडल्यावर 0.1 सेकंदाच्या आत उडी मारता येते. आडवे बाहेर पडलात तर 240 चा वेग आणि वर उडीची 40 ची भर. दोन ठोकळ्यांमध्ये खाली उभं राहायला जागा असेल तर दुसऱ्या ठोकळ्याच्या वरून किंवा बाजूने भिंत चढून जाता येतं का, हे आधी तपासा. तो टाळता आला तर एक डॅश वाचतो.

सहाव्या धड्याच्या शेवटी आणि सातव्यात दोन डॅश मिळतात. दोन्ही मारले तर मोजणीत दोन धरले जातात, तेव्हा हातात दुसरा आहे म्हणून मारू नका.

वहीत किंवा शीटमध्ये प्रत्येक खोलीसाठी तीन रकाने ठेवा: सध्याचा आकडा, डॅश कुठे लागला, आणि का लागला. 'का' मध्ये फक्त तीन उत्तरं चालतात: ठोकळा किंवा बटण, अंतर, उंची. पहिल्यावर वेळ घालवू नका, तिथे खेळच अडवतो. सुधारणा आधी उंचीच्या रकान्यात शोधा, कारण न्यूट्रल जंपने तिथले डॅश सर्वांत लवकर सुटतात. अंतराचे शेवटी राहतात.

खेळाचे नियम बदलू देणाऱ्या व्हेरिएंट मोडमध्ये 'पकड नाही' असाही पर्याय आहे, पण तो डॅशच्या बंधनासोबत एकदम लावू नका. कमीत कमी उड्या हा तिसरा प्रकार आहे. तिथे स्टॅमिना आणि वरचा डॅश हेच भांडवल, आणि भिंतीच्या माथ्यावर मॅडलिन आपोआप जी छोटी उसळी घेते ती उडी म्हणून नोंदली जात नाही. चढाई साडेतेरा टाईलच्या आत बसते का, हे पाहूनच मार्ग ठरवा.