‘व्हॉइड’ : करारातला आणि कॉलममधला

प्रश्न : आमच्या भाडेकराराच्या मसुद्यात ‘नल अँड व्हॉइड’ असे शब्द आहेत. शेजारी म्हणतात, नोंदणी केली नाही तर करारच व्हॉइड. तिकडे नेरूळला आमच्या नव्या इमारतीत इंजिनिअरने कॉलममधले ‘व्हॉइड’ दाखवले. शब्द एकच का?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : शब्द एकच. लॅटिनमध्ये रिकाम्याला ‘व्हॅकुअस’ म्हणत. त्याच कुळातला शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत ‘व्हॉइड’ होऊन आला. व्हॅक्यूम, व्हेकंट, व्हेकेशन ही त्याची भावंडं. ‘अव्हॉइड’सुद्धा! त्याचा मूळ अर्थ रिकामं करणं. म्हणून कायद्याच्या इंग्रजीत करार ‘अव्हॉइड’ करणं म्हणजे टाळणं नव्हे, मोडीत काढणं. भाषांतरात इथे हमखास चूक होते.

‘नल’ म्हणजे लॅटिनमधलं ‘एकही नाही’. एकाच अर्थाचे दोन शब्द जोडायची कायद्याची ही सवय आपल्याकडेही आहे. ‘रद्दबातल’मधले ‘रद्द’ आणि ‘बातल’ दोन्ही मूळचे अरबी, फारसीच्या वाटेने मराठीत आलेले. ‘नल अँड व्हॉइड’ला याहून चपखल प्रतिशब्द नाही.

भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 2 नुसार कायद्याने अंमलात आणता येत नाही तो करार व्हॉइड. अल्पवयीन मुलाने केलेला करार असा असतो. ब्रिटिश काळातलं सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने 1903 मध्येच ते ठरवून टाकलं. ‘व्हॉइडेबल’ मात्र वेगळा. फसवून किंवा धमकावून सही घेतली असेल, तर करार ठेवायचा की मोडायचा हे फसवला गेलेला ठरवतो. त्याने मोडेपर्यंत तो उभाच असतो.

आता नोंदणीचं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 चं कलम 55 सांगतं की करार लेखी आणि नोंदणीकृत हवा आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. मालकाला 3 महिन्यांपर्यंत कैद, 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण या कलमात अशा कराराला ‘व्हॉइड’ म्हटलेलं नाही. शेजाऱ्यांची गल्लत तिथे झाली.

कॉलममधला व्हॉइड म्हणजे खरीखुरी पोकळी. ओलं काँक्रीट हलवून बसवणारा व्हायब्रेटर नीट फिरला नाही, सळया दाट पडल्या किंवा शटरिंगच्या (साच्याच्या) फटीतून सिमेंटचं पाणी वाहून गेलं की खडी उघडी पडते, मधाच्या पोळ्यासारखी. काँक्रीटमध्ये 5 टक्के पोकळी राहिली तर ताकद सुमारे 30 टक्क्यांनी घटू शकते. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत तिथूनच ओल सळईपर्यंत पोचते. सळई गंजून फुगते आणि काँक्रीट फोडते.

वरून प्लास्टर मारून घेऊ नका, दोष फक्त झाकला जातो. सैल भाग घट्ट काँक्रीट लागेपर्यंत फोडून, धुऊन, बाँडिंग कोट (जुन्याला नवं चिकटवणारा लेप) लावून पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा माल) भरतात. सळईच्या मागेपर्यंत पोकळी गेली असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी सल्ला घ्या. आणखी कुठे पोकळी आहे का हे पाहायला हातोडीने हलके ठोकत जा. जिथे आवाज बद्द येईल तिथे खडूने खूण करा आणि फोटो काढून ठेवा.