नवी वेबसाइट झाली, गिऱ्हाईक आटलं

प्रश्न : नाशिकमध्ये आमचं बेदाण्याचं दुकान आहे. दोन महिन्यांपूर्वी वेबसाइट नव्यानं करून घेतली. तेव्हापासून गूगलवरून येणारी माणसं निम्म्यावर आलीत. एक एजन्सी ‘महिन्यात पहिला नंबर, हमखास’ म्हणते. पैसे द्यावेत का?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : मुळीच देऊ नका. पहिल्या नंबरची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गूगल स्वतः सांगतं. अशा कामात अनेकदा विकतच्या लिंक (पैसे देऊन दुसऱ्या साइटवर लावलेले तुमच्या साइटचे दुवे) वापरतात. दंड, म्हणजे गूगलच्या शोधात मागे पडणं, बसतो तो तुमच्या साइटला.

तुमच्या पानांचे पत्ते बदलले असावेत. सर्च कन्सोल या गूगलच्या साइटमालकांसाठीच्या मोफत साधनात ‘पेजेस’ अहवाल उघडा आणि ४०४ ची, म्हणजे ‘पान सापडलं नाही’ अशा पत्त्यांची, यादी पाहा. प्रत्येक जुन्या पत्त्यावरून त्याच मालाच्या नव्या पानावर ३०१ रीडायरेक्ट (पत्ता कायमचा बदलल्याचं सांगून आपोआप नव्या पानावर नेणारी सोय) लावा. सगळे पत्ते सरसकट होमपेजवर वळवू नका. गूगल ते ‘सॉफ्ट ४०४’, म्हणजे पान नसल्यासारखंच, धरतं आणि जुन्या पानांची पुण्याई वाया जाते. रीडायरेक्ट किमान १ वर्ष राहू द्या.

अहवालात ‘नोइंडेक्स’ (हे पान शोधात दाखवू नका, अशी गूगलला सूचना) हेही दिसलं, तर चाचणीच्या वेळचा टॅग काढायचा राहिलाय. साइट वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर असेल तर सेटिंग्जमधल्या ‘रीडिंग’मध्ये सर्च इंजिनांना मनाई करणारी टिकमार्क काढा. मग सर्च कन्सोलमध्ये नवा साइटमॅप (साइटवरच्या पानांच्या पत्त्यांची यादी) सादर करा. पूर्ववत व्हायला काही आठवडे लागतील.