मालवण जेटीजवळ पहिल्यांदा मासे खाणार असाल तर

नवीन आहात ना, मग टेन्शन घेऊ नका, सुरुवातीला दोन-तीनच गोष्टी सांभाळा.

मेनूकार्ड नंतर बघा, आधी विचारा आज ताजं काय आलंय, आणि मासा दाखवायला सांगा. कल्ले लाल, डोळे फुगीर नि चकचकीत, बोटाने दाबलं की मांस लगेच वर यायला हवं. डोळे खोल गेलेले दिसले तर सरळ दुसरं काहीतरी मागवा.

नवीन लोक हमखास चुकतात ते इथे:
- सुरमई-पापलेटचा भाव साइजवर ठरतो, न विचारता ऑर्डर देतात आणि बिल आलं की हबकतात. आधीच विचारा, त्यात लाजायचं काय!
- 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, तेव्हा येऊन ताज्या सुरमईचा हट्ट धरतात. त्या दिवसांत खाडीतलं काय आहे ते विचारा.

काट्यांची भीती वाटत असेल तर मोरीचं मटण (म्हणजे लहान शार्क माशाचा रस्सा) घ्या, त्यात बारीक काटे नसतातच. नाहीतर बांगडा फ्राय, मधला काटा उचलला की बरचसं काम झालं, आणि स्वस्तही पडतो. तारली वगैरे बारीक काट्यांचे मासे सध्या राहू द्या. तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं मात्र अजिबात सोडू नका, आणि भातासोबत सोलकढी!