रेडिओवरच्या दिवंगत मंडळींचा गौरव कसा करावा? आधी त्यांचं काम लिहून काढा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आमच्या गावात आकाशवाणीवरच्या जुन्या, आता हयात नसलेल्या मंडळींचा गौरव करायचं घाटतंय. पुरस्कार ठेवावा, चौकाला नाव द्यावं, की गाण्यांचा कार्यक्रम करावा? आणि मराठी रेडिओचा पाया घालणाऱ्यांत कोणाकोणाला धरावं?

चौकाला नाव जरूर द्या, पण ते शेवटी. आधी एक वही आणा आणि त्यात प्रत्येकाच्या नावापुढे तो माणूस रेडिओत नेमकं काय करत होता ते लिहा. हे मी का म्हणतोय ते सांगतो.

ऐंशीच्या दशकात मी काही वर्षं एका केंद्रावर नैमित्तिक निवेदक होतो. महिन्यातल्या मोजक्या ड्यूट्या, बहुतेक पहाटेच्या. संकेतधून, वंदे मातरम्, मंगलध्वनी आणि मग आपला आवाज. (ती संकेतधून बांधली वॉल्टर कॉफमन यांनी. नाझींच्या छळामुळे युरोप सोडून १९३४ साली मुंबईला आलेला हा ज्यू संगीतकार मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचं काम पाहायचा. आपल्या तीन पिढ्या त्याच्या सुरावटीवर जाग्या झाल्या, आणि त्याचं नाव शंभरात पाच जणांनाही सांगता येणार नाही. तुमच्या यादीचं पहिलं नाव इथेच मिळालं.) माझी स्वतःची कारकीर्द सांगण्यासारखी नाही. एकदा फेडर (माइकचा आवाज चालू-बंद करायची सरकपट्टी) उघडा राहिला आणि "चहा आला का रे?" हे माझं वाक्य तीन जिल्ह्यांनी ऐकलं, एवढीच लोकांच्या लक्षात राहिली.

पुढे बऱ्याच वर्षांनी, मला हे काम शिकवणारे एक ज्येष्ठ निवेदक गेले. शोकसभा झाली. सात वक्ते बोलले. सातही जण "भारदस्त आवाज" म्हणाले, पाच जण "एक पर्व संपलं" म्हणाले, आणि दोघांनी स्वतःच्याच कविता वाचल्या. त्या माणसाने वीस वर्षं शेतकऱ्यांच्या पत्रांना रेडिओवरून उत्तरं दिली होती, पिकावरची कीड ओळखता यावी म्हणून कृषी खात्याच्या माणसांना स्टुडिओत बसवून बोलतं केलं होतं. याबद्दल चकार शब्द नाही. मलाही तेव्हा उठून बोलायचं सुचलं नाही, ही माझी चूक.

आवाज सगळ्यांना आठवतो, काम आठवत नाही. रेडिओच्या माणसाचं हेच दुखणं आहे. नटाचा फोटो राहतो, लेखकाचं पुस्तक राहतं. रेडिओवर बोललेलं हवेत जातं. ध्वनिमुद्रण झालं तरी स्पूल, म्हणजे फितीचं रीळ, महाग, त्यामुळे जुनं पुसून त्यावर नवं भरायचं ही रीत जगभर होती. आणि ज्यांचा आवाजही कधी हवेत गेला नाही, त्यांचं तर विचारूच नका.

यासाठी सीताकांत लाड हे नाव घ्या. गीतरामायण म्हटलं की गदिमा आणि सुधीर फडके, यात वाद नाही. पण पुणे केंद्र सुरू झालं १९५३ साली, आणि दोनच वर्षांनी तिथल्या लाडांनी गदिमांकडे आकाशवाणीसाठी काहीतरी सलग लिहून मागितलं. १ एप्रिल १९५५, शुक्रवार, रामनवमी: पहिलं गीत गेलं. मग दर आठवड्याला एक नवं. त्या वर्षी अधिक मास आला, म्हणून गीतं ५६ झाली. आता हे केंद्रावरच्या माणसाच्या नजरेतून पाहा. दर आठवड्याला कवीकडून गाणं मिळवायचं, संगीतकाराकडून चाल, गायक ठरवायचा, वाद्यवृंद जमवायचा, तालीम, ध्वनिमुद्रण, आणि शुक्रवारी सकाळी वेळेवर प्रसारण. असं वर्षभर, एकही आठवडा न चुकवता. पहिल्याच गाण्याचा कागद ऐन वेळी हरवला, गदिमा रागावले, आणि लाडांनी त्यांना खोलीत बंद करून ते पुन्हा लिहवून घेतलं, हा किस्सा तुम्ही ऐकला असेल. किश्शात आपण हसतो ते कवीच्या रागाला. मला त्यात बाहेरून कडी लावणारा माणूस दिसतो. त्याने कडी लावली नसती तर?

मराठी रेडिओचा पाया घातला तो असल्या कडी लावणाऱ्यांनी. म्हणून वहीत "निर्माता", "कार्यक्रम अधिकारी", "ड्यूटी ऑफिसर", "ध्वनिमुद्रण" असे रकाने आधी आखा आणि "आवाज" हा रकाना सगळ्यांत शेवटी.

मागे जायचं तर २३ जुलै १९२७ पर्यंत जा. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र त्या दिवशी सुरू झालं. प्रक्षेपक अवघा दीड किलोवॅटचा. वर्षअखेरीस देशभरात मिळून रेडिओचे परवाने होते साडेतीन हजारांच्या आसपास, आणि १९३० साली कंपनी बुडाली. मग सरकारने कारभार हाती घेतला आणि १९३६ पासून 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव आलं. हा इतिहास कुठेही मिळेल, त्यावर तुमच्या कार्यक्रमाची वेळ घालवू नका.

त्यापेक्षा १९५६ सालची पुण्याची गोष्ट सांगा, कारण तुमचं गाव शेतीचं असेल तर ती तुमच्याच आजोबांची गोष्ट आहे. युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्रावर 'रेडिओ ग्रामसभां'चा प्रयोग झाला. पाच जिल्ह्यांतली १५० गावं निवडली. प्रत्येक गावात वीसेक जणांनी एकत्र बसून आठवड्यातून दोनदा संध्याकाळी कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची, शंका केंद्राला कळवायच्या आणि पुढच्या एखाद्या कार्यक्रमात उत्तर ऐकायचं. असे २० कार्यक्रम झाले. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने त्याचा अभ्यास केला, आणि १९५९ साली ही योजना देशभर नेण्यात आली. श्रोता उलट बोलतो आणि केंद्र ऐकतं, ही गोष्ट तेव्हा नवी होती. आज "इंटरॅक्टिव्ह" म्हणून जे मिरवतात ते पारावर कंदिलाच्या उजेडात होऊन गेलेलं आहे.

व्यंकटेश माडगूळकर पुणे केंद्रावर ग्रामीण कार्यक्रमांचं काम करायचे. कथाकार म्हणून त्यांचा गौरव भरपूर झाला, रेडिओच्या नोकरीचा उल्लेख मात्र लेखक-परिचयातल्या एका ओळीत उरकला जातो. त्यांच्यासोबत काम केलेले जयराम कुलकर्णी यांचंही तसंच. लोकांना ते चित्रपटातले पोलीस आयुक्त नाहीतर वडील म्हणून माहीत. पण खेड्यातल्या माणसाला न बिचकवता माइकसमोर बोलतं करणं ही वेगळी विद्या आहे. माइक पाहिला की भले भले वक्ते छापील बोलायला लागतात. मी स्वतः एका हातखंडा कीर्तनकाराला लाल दिवा लागताच गप्प झालेलं पाहिलंय.

मुंबईकडचं नाव विचाराल तर 'प्रपंच' या श्रुतिकेतले तिघे: प्रभाकरपंत म्हणजे बाळ कुडतरकर, मीनावहिनी म्हणजे नीलम प्रभू (पुढे करुणा देव) आणि टेकाडे भावजी म्हणजे प्रभाकर जोशी. चेहरा न दाखवता मध्यमवर्गीय घर उभं करायचं, फक्त बोलण्यातल्या लयीवर आणि मागच्या भांड्यांच्या आवाजावर. आमच्या आईला टेकाडे भावजी शेजारीच राहतात असं वाटायचं आणि ते अजून जेवायला कसे आले नाहीत, असं ती गमतीने विचारायची. खेळाकडे वळलात तर बाळ ज. पंडितांना विसरू नका. क्रिकेटचं धावतं समालोचन मराठीत करायचं म्हणजे चेंडू सीमेपार जायच्या आत शब्द सापडला पाहिजे. त्यांनी ते शब्द रुळवले.

आता गोवा. "प्रादेशिक रेडिओचे आद्य मानकरी" म्हणताना सगळे सरकारी स्टुडिओकडेच पाहतात, म्हणून हे मुद्दाम जास्त सांगतो. १९५५ साली गोव्यावर पोर्तुगिजांचं राज्य, वर्तमानपत्रांवर कडक सेन्सॉर, सत्याग्रहींवर गोळीबार झालेला. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी सीमेपलीकडच्या जंगलातून एक गुप्त रेडिओ सुरू झाला. कोकणीत 'गोंयचे सोडवणेचो आवाज', पोर्तुगिजांत 'व्होज द लिबर्दाद'. तो चालवत होते वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो. आधी आंबोलीच्या रानात, नंतर कॅसलरॉकला. बातम्या मिळवायच्या, लिहायच्या, दोन भाषांत वाचायच्या, पोर्तुगीज प्रचार खोडून काढायचा. पावसाळ्यात आंबोली कशी असते हे ज्याने अनुभवलंय त्याला ओल, जळवा आणि यंत्रसामग्री यांचं नातं वेगळं सांगायला नको. एक-दोन महिने नव्हे, तब्बल सहा वर्षं.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला तेव्हा हे दोघे विमानात होते. विमानाला ध्वनिक्षेपक लावलेला, आणि पणजीवर घिरट्या घालत ते कोकणीत आणि पोर्तुगिजांत लोकांना सांगत होते की तुम्ही स्वतंत्र झालात. ४५१ वर्षांच्या राजवटीच्या शेवटाची बातमी अशी वाचायला मिळणं! कोणत्याही बातमीदाराला हेवा वाटावा. पुढे दोघांनी लग्न केलं. वामन सरदेसाई आज नाहीत. लिबियाताईंना २०२५ साली, शंभरी ओलांडल्यावर, पद्मश्री जाहीर झाली. १९४२ मध्ये मुंबईतून काँग्रेस रेडिओ चालवणाऱ्या उषा मेहतांना आपण निदान नावाने ओळखतो. सरदेसाईंचं नाव घाटावर सांगून बघा, लोक भलतेच सरदेसाई आठवतात.

आणखी एक. गौरव म्हणजे आरती नव्हे. बाळकृष्ण केसकर हे १९५२ पासून दहा वर्षं नभोवाणी मंत्री होते. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा कैवारी. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच काळात सुरू झाला. पण चित्रपटगीतांवर त्यांचा एवढा राग की ती आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोते उठून रेडिओ सिलोनकडे गेले. शेवटी १९५७ साली विविध भारती काढावी लागली. मात्र त्याच हट्टातून केंद्राकेंद्रांवर सुगम संगीताला जोर आला, आणि यशवंत देवांसारख्यांना मराठी भावगीत घडवायला जागा मिळाली. केसकरांना यादीत घ्याल तर हे सगळं एकत्र सांगा. नुसतं "थोर कलाप्रेमी" लिहिलंत तर तुमच्यात आणि त्या सात वक्त्यांत फरक काय?

राहिलं तुमच्या गावचं. तुमच्याकडच्या माणसांची नावं मला माहीत नाहीत आणि तीच सर्वांत महत्त्वाची. त्यांच्या घरी जा. मुलांना आठवणी विचारू नका, कागद विचारा: कराराची पत्रं, संहितेच्या कार्बन प्रती, श्रोत्यांची पोस्टकार्डं. 'आपली आवड' या फर्माइशी गाण्यांच्या कार्यक्रमासाठी आलेल्या एका पोस्टकार्डावरून कोणत्या वाडीपर्यंत केंद्र ऐकू जात होतं ते कळतं. मग श्रोत्यांकडे वळा. सत्तर-ऐंशीच्या दशकात घरोघरी टेपरेकॉर्डर आले तेव्हा कितीतरी लोकांनी रेडिओवरून कॅसेट भरून घेतल्या. केंद्रावर पुसलेलं एखाद्या माळ्यावर, लग्नाच्या अल्बमखाली सापडू शकतं. ग्रामपंचायतीत नुसता फलक लावा: "जुन्या कॅसेट आणून द्या, ऐकून परत करू." कार्यक्रमाच्या दिवशी भाषणं दोनच ठेवा आणि उरलेला वेळ ते आवाज ऐकवा. प्रत्येक आवाजाआधी ध्वनिमुद्रण कोणी केलं, लेखन कोणाचं, निर्माता कोण, हे वाचा, जसं आम्ही कार्यक्रमाच्या शेवटी वाचायचो तसंच.

कॅसेट हाती आल्या की लगेच वाजवू नका. आत बुरशी दिसली किंवा फीत चिकटलेली वाटली तर जाणकाराकडेच न्या. आणि कॅसेटच्या वरच्या कडेला दोन चिमुकल्या प्लॅस्टिकच्या टिकल्या असतात, त्या आधी मोडून टाका. म्हणजे उत्साहाच्या भरात कोणाचं बोट 'रेकॉर्ड'च्या बटणावर पडलं तरी आतला माणूस पुसला जाणार नाही.