थीम पार्कसाठी टाइमशेअर: आधी सुट्ट्यांचे कॅलेंडर, मग रिसॉर्ट

प्रश्न: आम्ही पती-पत्नी, नऊ आणि पाच वर्षांची दोन मुले आणि माझे आई-वडील असे सहाजण एक वर्षाआड फ्लोरिडातल्या ऑर्लँडोला थीम पार्क पाहायला जातो. मागच्या वेळी पार्कच्या तिकिटांवर सवलत मिळणार म्हणून एका टाइमशेअर (म्हणजे दरवर्षी ठरावीक काळ राहण्याचा हक्क विकणाऱ्या) रिसॉर्टच्या प्रेझेंटेशनला बसलो. आजच सही केली तरच हा दर मिळेल, असे तिथे सांगण्यात आले. आम्ही सही केली नाही, परंतु मुलांना तिथला स्विमिंग पूल फार आवडला आहे. दोन हॉटेल रूम घेण्यापेक्षा टाइमशेअर परवडेल का, आणि घ्यायचे ठरवल्यास रिसॉर्ट कसे निवडावे?

उत्तर: सही न करता उठलात, हे फार चांगले केलेत. जो व्यवहार उद्या सकाळपर्यंत थांबू शकत नाही, तो वर्षानुवर्षे पैसे भरण्याच्या लायकीचा नसतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

तुमच्या बाबतीत निवडीची सुरुवात स्विमिंग पुलापासून नव्हे, तर शाळेच्या सुट्ट्यांपासून व्हायला हवी. टाइमशेअरमध्ये तुम्ही खोलीपेक्षाही आरक्षणाच्या रांगेतली जागा विकत घेत असता. डिस्ने व्हेकेशन क्लब या डिस्नेच्या टाइमशेअर योजनेचे उदाहरण घ्या. तिथे दरवर्षी ठरावीक पॉइंट मिळतात आणि ते खर्च करून खोली घ्यायची असते. ज्या रिसॉर्टचे पॉइंट तुम्ही घेतले असतील, तिथले आरक्षण तुम्हाला ११ महिने आधी करता येते. क्लबच्या इतर रिसॉर्टसाठी मात्र ७ महिने आधीपर्यंत थांबावे लागते, आणि नाताळ किंवा वसंतातल्या सुट्टीच्या चांगल्या खोल्या तोवर बहुधा गेलेल्या असतात. म्हणून, पॉइंट कुठेही वापरता येतात या आश्वासनावर विसंबून स्वस्त पडते तिथे घेऊ नका. दरवेळी तिथेच राहावे लागले तरी आनंदाने राहाल, असेच रिसॉर्ट निवडा. विक्रेत्याला सभासदांचे आरक्षणाचे पान तुमच्यासमोर उघडायला सांगा, पुढच्या सुट्टीच्या तुमच्या नेमक्या तारखा आणि सहा माणसे असे भरायला लावा, आणि काय शिल्लक दिसते ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. तो ते दाखवायला तयार नसेल, तर तेही एक उत्तरच आहे.

दुसरी गोष्ट झोपण्याच्या जागेची. ‘सहाजणांची सोय’ याचा अर्थ अनेकदा एक बेडरूम आणि हॉलमध्ये उघडणारा सोफा-बेड इतकाच असतो. रात्री पार्कमधून परतलेली मुले ज्या हॉलमध्ये खात असतात, तिथेच आजी-आजोबांनी झोपायचे, ही व्यवस्था दुसऱ्या दिवशीच नकोशी होते. तुमच्यासाठी दोन बेडरूमचे लॉक-ऑफ युनिट योग्य ठरेल: एका बाजूला स्वयंपाकघर, कपडे धुण्याचे यंत्र आणि बेडरूम, दुसऱ्या बाजूला स्वतंत्र बाथरूम असलेला स्टुडिओ, आणि मध्ये बंद करता येणारे दार. ज्या वर्षी आई-वडील येणार नाहीत, त्या वर्षी लहान भागच घेऊन पॉइंट वाचवता येतात. न वापरलेले पॉइंट पुढच्या वर्षात ढकलण्याची आणि पुढच्या वर्षाचे आधी वापरण्याची सोय डिस्नेच्या क्लबमध्ये आहे. एक वर्षाआड जाणाऱ्यांना त्यामुळे एका सहलीला लागणाऱ्या पॉइंटच्या साधारण निम्मेच वार्षिक पॉइंट घेऊन भागवता येते.

अंतराचा विचार किलोमीटरमध्ये करू नका. दुपारी दमलेल्या पाच वर्षांच्या मुलाला घेऊन खोलीवर यायला किती वेळ लागेल, ते पाहा. डिस्नेच्या बे लेक टॉवर या रिसॉर्टमधून मॅजिक किंगडम पार्कला चालत जाता येते, बीच क्लब आणि बोर्डवॉक या रिसॉर्टमधून एपकॉट पार्कला, आणि रिव्हिएरा रिसॉर्टहून २०१९मध्ये सुरू झालेल्या स्कायलायनर या रोपवेने एपकॉट व हॉलीवूड स्टुडिओज ही पार्क गाठता येतात. डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलांतल्या पाहुण्यांना पार्कमध्ये अर्धा तास आधी प्रवेशही मिळतो. जवळच्या इतर कंपन्यांच्या रिसॉर्टना ही सवलत लागू आहे की नाही, हे विक्रेत्याच्या तोंडून न ऐकता पार्कच्या अधिकृत यादीत तपासावे. पार्कची तिकिटे मात्र टाइमशेअरमध्ये समाविष्ट नसतात. तो खर्च वेगळा धरा.

आता सर्वांत महत्त्वाचे. तुमचा मोठा मुलगा किंवा मुलगी आज नऊ वर्षांची आहे. आणखी चार-पाच वर्षांनी डिस्नेपेक्षा ऑर्लँडोतल्याच युनिव्हर्सल या दुसऱ्या कंपनीच्या पार्कचे वेगवान पाळणे हवेसे वाटू लागतील. तिथे तर मे २०२५मध्ये एपिक युनिव्हर्स हे नवे पार्कही सुरू झाले आहे. धाकटे अपत्य धरूनही थीम पार्कची तुमची हौस फार तर दहा-बारा वर्षे टिकेल. करार मात्र डिस्नेच्या काही जुन्या रिसॉर्टचे २०४२पर्यंत, रिव्हिएराचा २०७०पर्यंत, आणि इतर अनेक कंपन्यांचे कायमस्वरूपी असतात. तुम्ही जा अथवा न जा, वार्षिक देखभाल शुल्क भरावेच लागते, ते सहसा वाढतच जाते, आणि वादळाने नुकसान झाल्यास वा मोठी डागडुजी निघाल्यास विशेष आकारणी वेगळी होऊ शकते. म्हणून हिशेब मांडताना खरेदीची रक्कम कराराच्या वर्षांनी न भागता, तुम्ही प्रत्यक्ष जाल त्या सहलींच्या संख्येने भागा. त्यात प्रत्येक सहलीमागचे देखभाल शुल्क मिळवा. आणि तेच युनिट एखाद्या सभासदाकडून भाड्याने घेतल्यास काय पडते, त्याच्याशी तुलना करा. माझा सल्ला असा, की पुढची सहल भाड्याने घेतलेल्या पॉइंटवरच करावी. अकरा महिने आधी तारखा पक्क्या करणे तुमच्या घराला जमते की नाही, हेही त्यात कळेल.

प्रश्न: रिसेलमध्ये, म्हणजे आधीच्या मालकाकडून, तेच टाइमशेअर बरेच स्वस्त मिळते. त्यात धोका आहे का?

उत्तर: नवे घेण्यापेक्षा मी रिसेललाच प्राधान्य देईन, परंतु मूळ मालकाचे कोणते हक्क तुमच्याकडे येणार नाहीत, हे आधी लेखी घ्या. उदाहरणार्थ, जानेवारी २०१९नंतर डिस्नेच्या जुन्या रिसॉर्टचे पॉइंट रिसेलने घेणाऱ्यांना ते रिव्हिएरात वापरता येत नाहीत, आणि रिव्हिएराचे रिसेलचे पॉइंट फक्त तिथेच चालतात. थकलेले देखभाल शुल्कही तपासा. एखादे टाइमशेअर जवळजवळ फुकट दिले जात असेल, तर विकणाऱ्याला पैसे नको आहेत, दरवर्षीच्या शुल्कातून सुटका हवी आहे, हे ओळखावे.

आणखी एका वाचकाचा प्रश्न: फ्लोरिडात असताना आम्ही घाईत करारावर सही केली. आज सहावा दिवस आहे. आता रद्द करता येणार नाही, असे विक्रेता फोनवर सांगतो. खरे काय?

उत्तर: करार फ्लोरिडातल्या टाइमशेअरचा असेल, तर तो रद्द करता येतो, आणि आजच करा. फ्लोरिडाच्या कायद्यानुसार सही केल्यापासून, किंवा शेवटचे आवश्यक कागद हाती आल्यापासून, यांपैकी जे नंतरचे असेल तेव्हापासून १० दिवस खरेदीदाराला माघार घेता येते, आणि हा हक्क कुठल्याही सहीने सोडून देता येत नाही. (युरोपीय संघात ही मुदत १४ दिवसांची आहे.) फोनवर वाद घालू नका. करारात दिलेल्या पत्त्यावर, सर्व खरेदीदारांच्या सह्यांसह, करार रद्द करत असल्याचे एका वाक्यात लिहून ते पोच मिळेल अशा टपालाने पाठवा. टपालाच्या शिक्क्याची तारीख ग्राह्य धरली जाते, त्यामुळे पावती आणि पत्राची प्रत जपून ठेवा.