उपग्रह ओळखण्यात करिअर आहे का?

प्रश्न: मी यावल तालुक्यातला केळी उत्पादक. मुलगी अकरावी सायन्सला आहे. संध्याकाळी गच्चीवर मोबाइल लावून उपग्रहांचे फोटो काढते आणि कोणता उपग्रह गेला ते शोधत बसते. यात पुढे काही आहे का? दुर्बीण घेऊन देऊ का?

उत्तर: भाऊ, दुर्बीण आत्ता नको. पण मुलीला अडवूही नका. ती करते तेच काम बंगळुरूला इस्रोत मोठ्या प्रमाणावर चालतं. 2009 मध्ये इरिडियम या अमेरिकी कंपनीचा चालू उपग्रह आणि रशियाचा बंद पडलेला कॉसमॉस उपग्रह एकमेकांवर आदळले, तेव्हापासून तर वर काय फिरतंय याची नोंद ठेवणं फारच गरजेचं झालं आहे.

खरी अडचण ओळखण्याची आहे. 36,000 किलोमीटरवरचा उपग्रह दुर्बिणीतूनही नुसता ठिपका दिसतो, आणि 83 अंश पूर्व रेखांशासारख्या एकाच जागी आपले दोन-तीन उपग्रह शेजारी शेजारी असू शकतात. जागेवरून कक्षा कळते, पण एखादा सरकला की कोण कुठला हा घोळ होतो. मग उजेड कसा कमी-जास्त होतो ते पाहतात, रंग पाहतात. सौर पॅनेल आणि सोनेरी आवरण प्रकाश वेगवेगळा परतवतात. कोन बदलला की रंगही फसवतो, म्हणून एकट्या पुराव्यावर भरवसा ठेवत नाहीत. दिवेलागणीला परतणारा आपला बैल तुम्ही चाल, शिंगं आणि घुंगरू मिळून ओळखता, तसंच हे.

तिला एक प्रयोग सांगा. धुळ्यातल्या एखाद्या मैत्रिणीने आणि जळगावातल्या दुसरीने एकाच क्षणी एकच उपग्रह टिपायचा. दोन्ही गावांत सरळ रेषेत सुमारे 83 किलोमीटर अंतर आहे. उपग्रह 500 किलोमीटरवर, जवळपास डोक्यावर असेल, तर मागच्या ताऱ्यांमध्ये तो दोघींना साधारण 10 अंशांच्या फरकाने दिसेल. त्यावरून उंची काढता येते. मात्र घड्याळं जुळलेली हवीत. एका सेकंदात तो सात किलोमीटरहून जास्त पुढे जातो.

या थेट कामाच्या जागा थोड्याच आहेत, हे मी लपवणार नाही. म्हणून पाया रुंद ठेवा: गणित, संख्याशास्त्र, पायथॉन ही संगणकाची भाषा. जेईई अॅडव्हान्स्ड जमली तर तिरुवनंतपुरमची आयआयएसटी ही अंतराळ विज्ञान-तंत्रज्ञान शिकवणारी संस्था आहे. नाही जमली तर फिजिक्स किंवा स्टॅटिस्टिक्स घेऊन बीएस्सी करावी, पुढे जळगावच्या विद्यापीठात एमएस्सी करता येते. ‘स्पेस सायन्स’च्या नावाने भरमसाट फी घेणाऱ्या क्लासला पैसे देऊ नका. त्या पैशांत चांगला लॅपटॉप घ्या.