रेप्लिका प्लेटिंगला मखमलच का? सोलापुरी टॉवेल चालेल का?

रेप्लिका प्लेटिंग म्हणजे एका प्लेटवर वाढलेल्या बॅक्टेरियाच्या कॉलन्या (पुंजके) कापडाने उचलून दुसऱ्या प्लेटवर त्याच जागी उमटवणं. त्यासाठी साधा टर्किश टॉवेल चालणार नाही. सुती मखमलच घ्या. टॉवेलच्या विणीत न कापलेले फासे असतात. ते पाणी धरतात, दाबले की आडवे होतात आणि कॉलन्या फासतात. मखमलीची लव कापलेली आणि उभी असते, त्यामुळे प्रत्येक धागा बारीक सुईसारखा थोडेसे बॅक्टेरिया उचलून त्याच जागी पुढच्या प्लेटवर ठेवतो. सोलापुरात मायक्रोबायोलॉजीचं प्रॅक्टिकल घेताना दोन्ही कापडांतला हा फरक पाहिला आहे. फासे कातरलेला वेलूर टॉवेल मिळाला, तर प्रयोग करून बघायला हरकत नाही.

ही पद्धत एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग यांनी 1952 मध्ये प्रसिद्ध केली. तिचं मोल मखमलीहून बरंच मोठं आहे. मूळ प्लेटला स्ट्रेप्टोमायसिन या प्रतिजैविकाचा स्पर्शही झालेला नसताना तिच्यावर प्रतिकारक पेशी आधीपासूनच होत्या, हे त्यातून दाखवता आलं. म्हणजे औषध उत्परिवर्तन (जनुकांतला बदल) घडवत नाही, आधीच बदललेल्या पेशींची निवड करतं. लॅम्डा फाज हा बॅक्टेरियात वाढणारा विषाणूही एस्थर यांचाच शोध. 1958 च्या नोबेलमध्ये मात्र जोशुआ यांचं नाव आहे, एस्थर यांचं नाही. व्हायव्हात हे सहसा कोणी विचारत नाही, विचारायला हवं.

करताना एवढं सांभाळा:
- कापड ऑटोक्लेव्ह करून (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करून) पूर्ण कोरडं करा, ओलं राहिलं तर मखमलही फासते.
- सगळ्या प्लेटच्या कडेला एकाच दिशेची खूण करा.
- एका प्लेटवर कॉलन्यांची दाटी नको.